चार म्हणजे चार

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये आमच्या ब्लॉकमधल्या एक बाई भेटल्या. त्यांचा मुलगा नुकताच नोकरीसाठी डेन्मार्कला गेलाय. "तू त्या टायरच्या कंपनीत आहेस ना गं," त्या म्हणाल्या, "त्याला गाडीसाठी हिवाळ्याचे टायर घ्यायचेत. कुठले सांगू?" मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "सकाळी गाडीत पहिलं कोण बसतं?" बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचा मजला आला, त्या उतरल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न माझा नव्हेच. हा शिरोळकरांचा प्रश्न. माणूस जाऊन दोन वर्षं झाली तरी त्यांचे शब्द माझ्या जिभेवर बिऱ्हाड करून आहेत, आणि खरं सांगू का, मला ते हलवायचेही नाहीत.

मधुकर शिरोळकर आमच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात टेक्निकल ॲडव्हायझर होते. ऑफिस टायर विकणारं, आणि आमचा विभाग फक्त हिवाळ्याच्या टायरचा. जपानपासून कॅनडापर्यंत जिथे म्हणून बर्फ पडतो तिथल्या दुकानदारांना, कुठल्या मोटारीला आणि कुठल्या एसयूव्हीला कुठला टायर, हे इथून ठरवून जायचं. मी चिंचवडहून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या परवान्यावर, आले ती ऑर्डरींचं प्लॅनिंग बघायला. पहिल्या दिवशी मला हसूच आवरेना. बाहेर बत्तीस डिग्री, खिडकीखालून समोरच्या बाताम बेटाच्या फेरीबोटी चाललेल्या, माणसं घामाने निथळतायत, आणि आत आम्ही बर्फाचे टायर विकतोय.

"हसायलाय कशाला?" मागून आवाज आला. अस्सल जयसिंगपूरचा. वळून बघितलं तर बुटकेसे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, रंगवलेली मिशी, आणि शर्टाच्या खिशात एक छोटी बॅटरी नि टायरच्या नक्षीची खोली मोजायची पट्टी. "चला माझ्याबरोबर," म्हणाले. मला वाटलं, मॅनेजरकडे नेतायत. नेलं पँट्रीत. तिथल्या फ्रीझरमधून, लोकांच्या जेवणाच्या डब्यांमागून, त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतले रबराचे दोन तुकडे काढले. "नख लावा." पहिल्यात लावलं तर नखच दुखलं. दुसऱ्यात अलगद रुतलं.

"पहिला उन्हाळ्याचा. थंडीत त्याची सुपारी होते. दुसरा हिवाळ्याचा, तो मऊ राहतो, म्हणून रस्ता धरतो. सात डिग्रीच्या खाली बर्फ असो नसो, पहिला कामाचा नाही. झालं तुमचं ट्रेनिंग."

एवढ्यात पँट्रीतल्या चिनी आँटी आल्या आणि कडाडल्या, "Uncle, here people eat lah." शिरोळकरांनी शहाण्या मुलासारखी पिशवी परत फ्रीझरमध्ये ठेवली. हे भांडण रोजचं होतं, असं नंतर कळलं. आँटी सुट्टीवर गेल्या की ते अस्वस्थ व्हायचे, कारण दुसरं कोणी पिशवी फेकून देईल ही भीती.

मी चिंचवडची, चिंचवड म्हणजे पुणे नव्हे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला "पुणेकर" म्हणायला लागले. शेवटपर्यंत तेच. मी चिडायचे, आणि मी चिडले की त्यांची मिशी हलायची.

त्यांची काम करायची तऱ्हा ऑफिसातल्या कोणाला पटत नसे. बाकीचे लोक गाडीचं मॉडेल विचारत, साइज बघत, यादीतून टायर काढत, संपलं. शिरोळकर साइज शेवटी विचारायचे. आधी त्यांचे प्रश्न चालायचे. सकाळी गाडीत पहिलं कोण बसतं? घरापासून पहिलं वळण किती अंतरावर? त्या वळणावर ऊन येतं का, की भिंतीची सावली असते? गाडी घरात असते की रस्त्यावर? नॉर्वेतला एखादा दुकानदार वैतागून म्हणायचा, मला दोनशे टायर हवेत, दोनशे घरांची वळणं मी कुठून सांगू. त्यावर शिरोळकर आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत शांतपणे, "Then tell me about ten houses." आणि तो गडी खरंच सांगायचा. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणायचे, "टायर गाडीला घालत नसतात पुणेकर, रस्त्याला घालतात."

एसयूव्हीवाल्यांशी त्यांचं विशेष वाकडं. मोठी गाडी, चारही चाकांना ताकद, मग आम्हाला कशाला हवेत हिवाळ्याचे टायर, असं कोणी म्हणालं की झालंच. "चारही चाकं पळवायला आहेत, कबूल. थांबवायला कोण आहे? थांबवतंय ते रबर. आणि तुमची गाडी जड. जड माणूस घसरला की जास्तच लांब जातो." रुंद, झगमगीत टायर मागणाऱ्याला ते एक साइज अरुंद घ्यायला लावायचे. बर्फात रुंद पाय तरंगतो, अरुंद पाय खाली जाऊन टेकतो, हे त्यांचं म्हणणं. आणि सगळ्यात वर त्यांचा कायदा: चार म्हणजे चार. दोन बदलायचे नि दोन जुने ठेवायचे, असल्या ऑर्डरवर त्यांनी कधी सही केली नाही. एकदा एका मोठ्या दुकानदाराची अशी ऑर्डर गेली हातची. मॅनेजर लालबुंद. शिरोळकर त्याच्यासमोर कोपी-ओ, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, ढवळत बसले. तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला होता.

आमच्या ओळखीतले केतकर नवरा-बायको एका डिसेंबरात जपानमधल्या होक्काइडोला निघाले. सात जणांची एसयूव्ही भाड्याने घेतलेली. माझ्याकडे जेवायला आले असताना शिरोळकरही होते, आणि माझंच डोकं फिरलं म्हणून मी ओळख करून दिली. वरण थंड झालं तरी उलटतपासणी संपेना. "हॉटेल चढावर आहे का? बॅगा किती? चालवणार कोण? तुम्ही का वहिनी?" मग शिकवण सुरू. "गाडी ताब्यात घ्यायला गेलात की काच, रंग, काही बघू नका. आधी खाली बसा. टायरच्या कुशीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी कोरलेली असते. ती चारही टायरवर बघायची. नुसती एम आणि एस अक्षरं असली तर भुलायचं नाही, ती चिखलापुरती. टायर कधी बनला त्याचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हातारा टायर घ्यायचा नाही. आणि मला फोटो पाठवायचे."

केतकर म्हणजे एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस. पण शिरोळकरांची जरब अशी की तो तिथे पार्किंगमध्ये खरंच उकिडवा बसला. गाडी द्यायला आलेली जपानी मुलगी घाबरून तीही शेजारी बसली. सोळा फोटो आले. एकात केतकर वहिनी टायरच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या, जसं काही जावयाबरोबर. चारही टायर उत्तम निघाले, याचंच केतकरांना जरा वाईट वाटलं. शिरोळकर मात्र सोळाच्या सोळा फोटो मोठे करकरून बघत होते. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. तो म्हणाला, "Uncle, you never go snow place meh?" शिरोळकर म्हणाले, "नाही रे बाबा. कोणी नेलंच नाही."

तेव्हा मला कळलं की या माणसाने बर्फ कधी पाहिलेलाच नाही. पंचवीस वर्षं त्याने फक्त बर्फाचाच विचार केला, आणि पाहिला तो फ्रीझरमधला. मी नंतर विचारलं तर म्हणाले, कंपनी टेस्ट ड्रायव्हरला पाठवते, टेबलावरच्या माणसाला कशाला पाठवेल. बोलण्यात खंत नव्हती. मलाच लागलं ते.

इथल्या क्वीन्सटाउन भागात ते एका जुन्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. मुलगी दहावीत असतानाच बायको वारलेली. ती मुलगी, रोहिणी, एकुलती एक. नर्स झाली, लग्न करून कॅनडात गेली, कॅल्गरीच्या उत्तरेला कुठल्याशा लहान गावात. पहाटे पाचला तिला हॉस्पिटलच्या ड्यूटीसाठी निघायला लागायचं. तिचे पाच म्हणजे आपले संध्याकाळचे आठ. त्यामुळे शिरोळकर ऑफिस सुटल्यावर घरी न जाता खाली पाण्याकडेच्या बाकावर बसायचे, आणि आठला फोन लावायचे. तरुणपणी कंप्रेसरशेजारी काम केल्यामुळे डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. मीही कधी बसची वाट बघत तिथेच टेकायचे. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

पुढच्या वर्षी रोहिणीने एसयूव्ही घेतली. आणि घरोघरी मातीच्या चुली म्हणतात त्याप्रमाणे, जगाला टायर सांगणाऱ्याचं घरात कोणी ऐकेना. गाडीबरोबर आलेले बारमाही टायर आहेत, बाबा. त्यावर एम आणि एस लिहिलंय, बाबा. चारही चाकांना ताकद आहे, बाबा. ऑक्टोबर गेला, थंडी पडायला लागली. शिरोळकर रोज तेच सांगायचे आणि ती रोज तेच टाळायची. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्ही बर्फ पाहिलाय तरी का? फ्रीझरमधला सोडून?"

फोन ठेवल्यावर शिरोळकर मला म्हणाले, "बरोबर आहे तिचं. पण आता तिच्या त्या गावाची काळजी कशी सोडायची? रोज सकाळी उठून मी तिथलं तापमान बघतो, पुणेकर. इथं अंगाला घाम आणि तिथं शून्याच्या खाली."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचाच फोन आला. आवाज खुशीत. "घातले बाबा, हिवाळ्याचे टायर. पुढं दोन नवे घातले. ब्रेकचा भार पुढंच असतो ना, म्हणून. ह्यांच्या मित्राच्या गॅरेजमध्ये काम झालं. मागचे दोन पुढच्या वर्षी. आता तरी झालं ना समाधान?"

आपली माणसं कॅनडात गेली तरी आपलीच. पुढचं दिसतं, पुढचं भागवू, मागचं मागून बघू. मला हसू येणार होतं, पण शिरोळकरांचा चेहरा बघितला आणि ते जागच्या जागी जिरलं. फोन दोन्ही हातांत धरून त्यांनी विचारलं, "रोहिणी, बबनकाकाचा पाय कसा गेला?"

"हे काय मधेच? एसटीच्या ॲक्सिडेंटमध्ये. तुम्हीच सांगितलंत लहानपणी."

"एसटी नव्हती."

आणि तिथे बाकावर, शेजारून माणसं आईस्क्रीम खात चाललेली असताना, त्यांनी सांगितलं. जयसिंगपूरला टायर रिमोल्डच्या, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवायच्या, दुकानात ते कामाला होते, बावीस वर्षांचे. बबन त्यांचा शाळेपासूनचा दोस्त, एका व्यापाऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर. जीपचे चारही टायर गोटा झालेले. जीपचा मालक म्हणाला, पुढं दोन नवे घाला, पुढचे दिसतात, मागचे दिवाळीनंतर. "मला ठाऊक होतं, नवे मागं पाहिजेत, नाहीतर मागची बाजू सुटते. ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. नोकरी नवी होती. मी माझ्या हातानं बोल्ट आवळले." पावसाळ्यात आंबा घाटातल्या एका वळणावर पुढच्या चाकांनी रस्ता धरला आणि मागच्यांनी सोडला. जीप गर्रकन फिरली आणि कठड्यावर आपटली. "पुढं नवे असले की माणसाला वाटतं, गाडी हातात आहे. वळेपर्यंत वाटतं. आत्ता तू जे केलंयस ना पोरी, तेच मी केलं होतं."

मग रोहिणी म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही मला खोटं सांगितलंत. मी त्यांच्या मांडीवर खेळलेय, बाबा." आणि फोन बंद झाला.

पुढचे आठ दिवस तिने फोन उचलला नाही. शिरोळकर रोज आठला बाकावर बसत, फोन लावत, वाजू देत, आणि खिशात ठेवत. त्या गावात त्या आठवड्यात दोनदा बर्फ पडला. मी म्हटलं, जावयांना लावा. म्हणाले, "काय सांगू? तिला गाडी चालवू देऊ नका म्हणू? ती पेशंट सोडून घरी बसायची नाही. माझीच पोरगी आहे." एकदा म्हणाले, "तेव्हा बोललो नाही म्हणून बबनचा पाय गेला. आता बोललो तर पोरगी गेली." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले, माझ्या तीन बस गेल्या.

नवव्या दिवशी आठ वाजायच्या आधीच फोन वाजला. त्यांनी घाईघाईने तो उचलला, स्पीकरचं बटण मी दाबलं.

"मी बबनकाकांना फोन केला होता," रोहिणी म्हणाली.

शिरोळकरांनी फोन उजव्या कानाजवळ नेला.

"त्यांना सगळं माहीत होतं म्हणे. पहिल्यापासून. म्हणाले, तुझ्या बापानं दवाखान्यातच सांगितलं होतं मला, पायाशी बसून. आणि म्हणाले, तू चार घाल. मध्या एकदा चुकलाय, आता तो चुकायचा नाही." मग म्हणाली, "गाडी मी तीन दिवस काढली नाहीये. एका मैत्रिणीबरोबर जातेय. तुम्ही या, बाबा. मागचे दोन तुमच्या हातानं घाला."

मला तिथेच रडू आलं, आणि मी लपवलंही नाही. शिरोळकर उठून पाण्याच्या कठड्यापाशी गेले आणि बराच वेळ पाठ करून उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो टायरची साइज काय, हा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साइज आधी विचारली असेल.

कॅनडाचा व्हिसा आधीच काढून ठेवलेला होता, रजा भरपूर साचलेली. जाडजूड जाकीट घ्यायला मी त्यांना घेऊन गेले. एसीतसुद्धा ते घालून त्यांना घाम फुटला, आणि दुकानातली पोरगी हसायला लागली. लिटिल इंडियातून रोहिणीसाठी काजूकतली घेतली. चांगी विमानतळावर सोडायला गेले तर म्हणाले, "पुणेकर, फ्रीझरमधली पिशवी सांभाळा. आँटींशी भांडू नका."

ते परत ऑफिसात आले नाहीत. तिकडे असतानाच त्यांनी निवृत्ती कळवून टाकली, तीन महिने लेकीकडे राहिले आणि तिथून थेट जयसिंगपूरला गेले, बबनच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. फोन व्हायचे आमचे. दुसऱ्या वर्षी, दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मला शेवटचे दिसले ते रोहिणीने कॅनडाहून पाठवलेल्या व्हिडिओत. जावयांनी काढलेला, दोन मिनिटांचा.

गावातल्या कुठल्याशा हॉलचं रिकामं पार्किंग. सगळीकडे बर्फ. मी घेऊन दिलेलं जाकीट घालून शिरोळकर उभे आहेत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मोजून मापून एका जागी ठेवली, आणि बाजूला झाले. ओरडून सांगतायत, "तिथून तीसच्या स्पीडनं ये. त्या खांबापाशी ब्रेक मार. टोपीपाशी थांबणार बघ." लांबून एसयूव्ही आली. खांबापाशी ब्रेक लागला. गाडी ना हलली ना डुलली, सरळ येऊन उभी राहिली. टोपीच्या बऱ्याच अलीकडे.

शिरोळकर बघतच राहिले. "माझा अंदाज चुकला," जावयांना म्हणाले, आणि चुकल्याचा इतका आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. किती चुकला ते मोजायला ते टोपीपासून गाडीकडे निघाले, एकेक पाऊल मोजत. एक, दोन, तीन, आणि चौथ्याला धाडकन आपटले. कारण जगाला बर्फातलं रबर शिकवणाऱ्या या माणसाच्या पायात होते हार्बरफ्रंटच्या ऑफिसातले गुळगुळीत तळव्यांचे बूट. बुटांचं मला सुचलं नाही, लेकीला नाही, आणि त्यांना तर नाहीच.

दार उघडून रोहिणी धावत आली. "बाबा, लागलं का? बाबा!" ती हसतेय की रडतेय, ते आजही मला कळत नाही. शिरोळकर बर्फात फतकल मारून बसलेले, उठायचं नाव नाही. तिने हात पुढे केला, तो त्यांनी धरला, पण बघत होते ते तिच्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे.

"थांबली की गं," ते म्हणाले.